द्राक्षाला गोडी भरेना, दुकानदार 'इन्व्हर्टेज' मारायला सांगतोय. मारू का?

दिंडोरीचा_बागवान

नमस्कार मंडळी. प्रश्न शाळेतल्या विज्ञानाचा वाटेल, पण आहे औषधाच्या बिलाचा.

बाग दिंडोरी तालुक्यात. थॉमसन जातीचा क्लोन, डॉगरीज खुंटावर कलम, लागण नऊ बाय पाच फुटांवर. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. छाटणीला शंभर दिवस कधीच उलटून गेले, मण्यात पाणीही उतरलं. मणी हाताला नरम लागतो, साइज अठरा एमएमच्या पुढे, फोटो काढावा असा माल. पण गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बारा ब्रिक्सला (रसात शेकडा बारा साखर धरा) जो चिकटलाय तो हलायला तयार नाही. व्यापारी आला, दोन मणी तोंडात टाकले, चेहरा वाकडा केला आणि "आठ दिवसांनी बघू" म्हणून गाडीला किक मारून गेला. आठ दिवसांनी काय भाव राहील ते त्यालाच माहीत.

दुकानात गेलो तर त्यानं एक बाटली पुढं केली. म्हणे यात इन्व्हर्टेज आहे, हे एन्झाइम साध्या साखरेचं ग्लुकोज करतं, "तुमच्या मण्यात एन्झाइम कमी पडलंय, हे मारलं की गोडी उतरलीच म्हणून समजा." सोबत रंगीत पत्रक, त्यावर रेणूंची चित्रं. किंमत ऐकून वडील म्हणाले, "एवढ्यात शेणखताची ट्रॉली येईल."

तर प्रश्न दोन. हे इन्व्हर्टेज खरंच द्राक्षात असतं का? आणि असेल तर वरून मारून मण्यात जातं का? बीएस्सी केलेलं कुणी असेल तर सांगा. मी कॉमर्सवाला.

पिंपळगाव_कट्टा

भाऊ, मी गेल्या सीझनला असलंच एक मारलं होतं. कंपनी वेगळी, पण एन्झाइमच. आठ दिवसांत दीड ब्रिक्स वर आली. फार विचार करू नको, मारून टाक. सीझन निघून गेला की मग विज्ञान वाचत बसायचं का?

परीक्षानळी

बागवान भाऊ, थांबा. बाटली अजून घेतली नसेल तर घेऊ नका.

मी आधी एका वायनरीच्या लॅबमध्ये होते. द्राक्षाचा रस, त्यातली साखर, आम्ल, हेच दिवसभर. आता सासरची निफाडकडची बाग बघते, त्यामुळे व्यापाऱ्याचा वाकडा चेहरा मलाही ओळखीचा आहे.

दुकानदाराचं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. इन्व्हर्टेज द्राक्षात असतं. वेलीचं पान उन्हात जी साखर करतं, ती घडाकडे जाते सुक्रोज म्हणून, म्हणजे आपल्या डब्यातली साखर तीच. ती सालीच्या आतल्या थरातून खाली वाहत येते. मण्यात पोचली की इन्व्हर्टेज तिचे दोन तुकडे करतं, एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. म्हणून पिकलेल्या द्राक्षाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मं-निम्मं असतं आणि सुक्रोज नावाला. आंब्याचं तसं नसतं, पिकल्या आंब्यात सुक्रोजच जास्त. द्राक्ष मात्र आलेली साखर फोडूनच ठेवतं. त्यात वेलीचा फायदा आहे: मण्यात सुक्रोज साठत नाही म्हणून पानाकडून आणखी सुक्रोज येत राहतं, आणि एकाचे दोन रेणू झाले की ते पाणीही जास्त ओढतात. मणी फुगतो तो असा.

खोटं आहे ते दुसरं वाक्य, "तुमच्या मण्यात एन्झाइम कमी पडलंय." मणी हिरवा, टणक, तोंडात घातला तर दात आंबतील असा असतो ना, तेव्हाच तो हे एन्झाइम भरून ठेवतो. पाणी उतरायच्या आधीच. साखर यायला लागते तेव्हा एन्झाइम तिची वाट बघत बसलेलं असतं. गिरणी चालू आहे, दळणच येत नाही, आणि तुम्हाला दुसरी गिरणी विकतायत.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तपासता येतं. कुठल्याही अन्नपदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये रस द्या आणि दोन आकडे मागा: रिड्युसिंग शुगर आणि टोटल शुगर. पहिल्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज मोजलं जातं. दुसऱ्यात रस आम्ल घालून गरम करतात, म्हणजे न फुटलेलं सुक्रोज असेल तर तेही फुटतं, आणि मग परत मोजतात. एन्झाइम कमी पडलं असेल तर दोन आकड्यांत फरक दिसलाच पाहिजे. लॅबमध्ये असताना मी हिरव्या, अर्ध्या पिकलेल्या, पूर्ण पिकलेल्या, सगळ्या मण्यांचे हे आकडे काढलेत. दोन्ही जवळपास सारखे. म्हणजे जी काही साखर मण्यात आली ती फुटलेलीच असते. तुमच्या मण्यात ती आलीच कमी आहे.

आता कॉमर्सवाल्यांसाठी हिशेब. धरून चला की दुकानदार म्हणतो ते सगळं खरं, तुमच्या बारा ब्रिक्समध्ये सगळं सुक्रोजच आहे आणि बाटलीनं ते शंभर टक्के फोडलं. ३४२ ग्रॅम सुक्रोज फुटताना १८ ग्रॅम पाणी धरतं आणि ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. वाढ झाली पाच टक्के. बाराचे झाले साडेबारा आणि वर थोडं. रिफ्रॅक्टोमीटर रसात काय काय विरघळलंय ते एकत्र मोजतो, साखर फुटलेली आहे की अख्खी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्हाला हवेत अठरा. साखर फोडून अठरा कसे होणार? बाहेरून साखर यायलाच हवी.

आणि वरून फवारून आत जाण्याबद्दल: एन्झाइम म्हणजे प्रथिन. ग्लुकोजच्या एका रेणूपुढे त्याचा रेणू शेकडो पट मोठा. मण्याच्या सालीवर मेणाचा थर असतो, ती पांढरी लव आपण जिवापाड जपतो ती तीच. साधं पाणी त्यावरून ओघळून जातं, हे काय आत शिरणार! वर उन्हात टाकीतून मारायचं, त्याच पंपात आधी तांब्याचं औषध असतं. तांबं तर या एन्झाइमचं काम मंदावतं.

पिंपळगावकर, राग मानू नका, पण त्या टाकीत झिरो झिरो पन्नास, म्हणजे पोटॅशचं खत, होतं की नव्हतं? आणि न मारलेली एक तरी ओळ ठेवली होती का? पाणी उतरलेला मणी चांगल्या उन्हात आठ दिवसांत दीड ब्रिक्स आपला आपणही चढतो.

हे एन्झाइम काही आजचं नाही, दुकानदाराला सांगा. फ्रान्समध्ये बर्थेलो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८६० मध्येच ते यीस्टमधून काढलं होतं. पुढं १९१३ मध्ये बर्लिनला लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी साखर किती दिली की एन्झाइम किती वेगानं काम करतं याचं गणित मांडलं, तेही याच इन्व्हर्टेजवर. मॉड मेंटेन कॅनडाच्या डॉक्टर होत्या. त्या काळात एक बाई समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या लॅबमध्ये जाऊन हे करते, याचं मला अजून कौतुक वाटतं. ते समीकरण आजही बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. असो, विषयांतर झालं.

घरी गंमत म्हणून करून बघायचं असेल तर मेडिकलमधून लघवीतलं ग्लुकोज तपासायच्या पट्ट्या आणा. साखरेच्या पाण्यात पट्टी बुडवा, काही होत नाही, कारण ती फक्त ग्लुकोज ओळखते. त्याच पाण्यात बेकरीतलं यीस्ट चिमूटभर घाला, थोडा वेळ थांबा, दुसरी पट्टी बुडवा. रंग बदलतो. यीस्टच्या पेशीच्या भिंतीतलं इन्व्हर्टेज साखर फोडतं ते असं डोळ्यांदेखत. मग तुमच्या बारा ब्रिक्सच्या मण्याचा रस पाण्यात पातळ करून पट्टी बुडवा. काही न घालताच रंगेल. भाचरांना दाखवा, खूश होतील.

आता कामाचं. मला तीन गोष्टी मोजून सांगा: झाडावर घड किती, एका काडीवर धड हिरवी पानं किती, आणि डिपिंगमध्ये, म्हणजे घड औषधात बुडवताना, सीपीपीयू हे मणी फुगवणारं संजीवक कितीदा वापरलं. ऑक्टोबरच्या पावसात डावणी, म्हणजे पानावरची बुरशी, आली होती का तेही सांगा.

पिंपळगाव_कट्टा

ताई, झिरो झिरो पन्नास होतं. 😄 आणि ओळ कोण ठेवतं राव, पंप चालू केला की सगळी बाग.

पंचवटीची_सून

बागेतलं मला काही कळत नाही, पण वाचून एक शंका आली. द्राक्षात सगळी साखर आधीच फुटून ग्लुकोज झालेली असते, तर मग सासूबाईंना शुगर आहे त्यांनी द्राक्षं साखरेपेक्षाही वाईट समजायची का? त्या घडच्या घड संपवतात आणि म्हणतात, "फळ आहे, त्याला काय होतंय."

परीक्षानळी

साखरेपेक्षा वाईट असं नाही. चहातली साखरही पोटात फुटतेच. लहान आतड्याच्या अस्तरावर सुक्रेज नावाचं एन्झाइम असतं, काम इन्व्हर्टेजचंच: सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग. द्राक्षात ते काम आधीच झालेलं, एवढाच फरक. दोन्हीकडे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज.

पण सासूबाईंना प्रमाण सांगा. शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण सोळा ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. घड जर अर्ध्या किलोचा असेल तर पुढचा गुणाकार त्यांच्यासमोरच करा. किती चालतील ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आमच्या धाग्यावर नको.

दिंडोरीचा_बागवान

ताई, सकाळीच मोजायला गेलो. वडील बांधावर बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत.

घड: कुठं चव्वेचाळीस, कुठं अठ्ठेचाळीस. गेल्या साली माल कमी निघाला म्हणून यंदा ठेवले जास्त, खरं सांगतो. पानं: काडीला धड अशी नऊ-दहा. खालची डावणीत गेली, ऑक्टोबरच्या पावसानं फवारणीला उसंतच दिली नाही. सीपीपीयू दोन्ही डिपला. साइजसाठी. आणि आता थंडीही कडाक्याची आहे, पहाटे चारीच्या गवतावर पांढरं दिसतं.

परीक्षानळी

झालं, सगळं याच चार वाक्यांत आलं.

नऊ बाय पाच म्हणजे झाडाला ४५ चौरस फूट. आपल्याकडे चांगल्या मालाला दीड चौरस फुटाला एक घड धरतात, म्हणजे तीस. तुम्ही पंचेचाळीसच्या वर ठेवलेत. एका काडीवर पंधरा-सोळा निरोगी पानं हवीत, तुमच्याकडे नऊ-दहा. पानं दोन तृतीयांश, घड दीडपट. एका घडाच्या वाट्याला जेवढी साखर यायला हवी त्याच्या निम्मीच येते, मग ती फोडणारं कितीही असू दे.

त्यात सीपीपीयू. साइज देतं, सालही जाड करतं, पण पिकणं लांबवतं. मोठा मणी म्हणजे भरायचं भांडंही मोठं. आणि थंडी: कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो तेव्हा लोक स्वेटर शोधतात, मी पानं बघायला जाते. पहाट तशी गार असली की पान उशिरा कामाला लागतं, साखर कमी बनते आणि वाहतेही सावकाश.

साखर पानातून येते याचा पुरावा तुमच्या शिवारातच मिळेल. शेजारीपाजारी कुणी गर्डलिंग केलं असेल तर त्या खोडाकडं नीट बघा. चार-पाच एमएमची सालीची कडी काढलेली असते, आणि काही दिवसांनी तिच्या वरच्या काठाला गाठीसारखी जाड कड येते, खालचा काठ तसाच सपाट. वरून येणारा माल तिथं अडतो. मुळाकडं जाणारी साखर घडांच्या वाट्याला राहते, म्हणून गर्डलिंगवाल्या झाडाला गोडी लवकर भरते. तुम्ही मात्र आता हे करू नका. अशक्त पानांच्या झाडाची मुळं उपाशी ठेवली तर एप्रिलच्या खरड छाटणीला फूट रुसेल.

आता काय करायचं. वरच्या कोवळ्या फुटी आणि बगलफुटी काढून टाका. कोवळं पान निम्मं वाढेपर्यंत स्वतःच खातं, घडाला काही देत नाही. आहे ते जुनं पान मात्र जिवापाड सांभाळा, त्यावर भुरी ही दुसरी बुरशी येऊ देऊ नका. घडाला ऊन लागावं म्हणून पानं ओरबाडणारे असतात, तसलं काही करू नका. पोटॅश ठिबकमधून चालू ठेवा. साखर पानातून सालीत चढवायला पोटॅश लागतं, पण पोटॅश म्हणजे साखर नव्हे, दुप्पट दिलं म्हणून दुप्पट गोडी येत नाही. पाणी हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका. पान मलूल झालं की कारखानाच बंद.

आणि घड कमी करा. हे वडिलांना तुम्हीच सांगा.

ओझरचे_तात्या

परीक्षानळीताईंशी सहमत. एकच भर: एवढ्या उशिरा घड कापले तर फायदा होतो, पण छाटणीनंतर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात कापले असते तेवढा नाही. आणि कापलेलं वजन तर गेलंच. म्हणून सगळ्या बागेत कात्री चालवू नका. दहा झाडं घ्या, तीस घडांवर आणा, शेजारची दहा तशीच ठेवा, दोन्हींची ब्रिक्स आठवड्यानं बघा. पिंपळगावकरांनी जी ओळ ठेवली नाही ती तुम्ही ठेवा.

बाकी ठिकाणी फक्त खालचे, सावलीतले, देठ अजून कोवळा हिरवा असलेले घड काढा. तोडही एकदम देऊ नका. वरचा, ऊन खाल्लेला माल आधी पिकेल तो आधी द्या, म्हणजे राहिलेल्याला पानं आपोआप जास्त मिळतील. व्यापारी कुरकुर करतो दोन तोडींना, करू द्या.

पिंपळगाव_कट्टा

तात्या, आता मला या धाग्यावर उदाहरण म्हणून लावून ठेवलंय वाटतं. बरं, दुकानदार जिवंत आहेत तोवर आमच्यासारखे लागतातच.

बागवान भाऊ, एक मात्र विचारतो. तू मणी कुठून काढून मोजतोस? माझा भाऊ घडाच्या वरच्या पाकळीतलाच मणी घेतो आणि "सोळा आली" म्हणून नाचतो.

परीक्षानळी

हे बरोबर पकडलंत. घडाचा वरचा खांदा आधी गोड होतो, शेपटी मागं राहते. वरचा, मधला, शेपटीचा, असे मणी घ्या. उन्हाकडच्या आणि सावलीकडच्या अशा बऱ्याच घडांतून घ्या, सगळे एका पिशवीत चुरगाळा, गाळा आणि त्या रसाचा थेंब लावा. आधी साध्या डिस्टिल्ड पाण्यानं यंत्र शून्यावर आणा. पहाटे गार मणी आणि दुपारी तापलेला मणी यांची तुलना करू नका, मोजायची वेळ रोज एकच ठेवा.

दिंडोरीचा_बागवान

सगळ्यांचे आभार. बाटली घेतली नाही. दुकानदाराला रिड्युसिंग आणि टोटल शुगरचं विचारलं, तो म्हणाला, "ते कंपनीचे साहेब आले की विचारा."

वडील दहा झाडांना तयार झालेत, पण एका अटीवर: कापलेला माल फेकायचा नाही, बेदाणा करायचा. शेड ओळखीच्या माणसाची आहे. चालेल का?

परीक्षानळी

नका करू. बावीस ब्रिक्सच्या द्राक्षाचा बेदाणा करायचा तर साधारण चार किलोला एक किलो पडतो. बाराच्या मालाचा केला तर एका किलोला सात किलो लागतील, मजुरी आणि वाळवण्याआधी द्राक्ष बुडवायचं डिपिंग ऑइल तेवढंच. रंग हिरवट-करडा येईल आणि तोंडात घातला तर आंबट. काकांना सांगा, दहा झाडांचे घड गाईला घाला, पण एकदम नको, थोडे थोडे. आणि औषध फवारून किती दिवस झाले ते आधी बघा.